झेंडेमामांचा डावा कौल

जगातल्या देशांची किंमत झेंडेमामा शिलाईवर ठरवायचे. ज्याचा झेंडा शिवायला सोपा, तो देश शहाणा. ज्याच्या झेंड्यात कटकट जास्त, तो देश दीडशहाणा. "जपान सगळ्यात शाणो देश," ते म्हणायचे, "एक गोल कापूचो, मधी लावूचो, खलास!" अमेरिकेचं नाव काढलं की तोंडातल्या टाचण्या हातात काढून घ्यायचे, कारण त्यावर बरंच बोलायचं असायचं. "पन्नास चांदण्यो! ह्या बाजूक पन्नास, त्या बाजूक पन्नास. कित्याक व्हयी ह्यांका येवढी राज्यां?" रशियावर त्यांचा राग कमी. "कोयतो नि हातोडो. कोयतो तरी वळखीचो आसा." सौदीचा झेंडा ते शिवतच नसत. त्यावर अक्षरं असतात, आपल्याला ती येत नाहीत, चुकलं तर काय घ्या, म्हणून हात जोडून परत पाठवायचे.

तुमच्यापैकी जे आखातात राहिले असतील, त्यांना असा एक तरी माणूस ठाऊक असेल. दहा-पंधरा वर्षं परदेशात काढूनही गावाबाहेर न पडलेला. मामा देवगडकडचे. बहारीनच्या मीना सलमान बंदरात जहाजांना सामान पुरवणारं एक मोठं गोदाम होतं, तिथे ते शिंपी होते. बोटींवरची कापडी छतं, यंत्रांवर घालायच्या ताडपत्रीच्या खोळी आणि झेंडे, हे त्यांचं काम. मोठे झेंडे तयार यायचे, पण घाईचं असलं, एखादा वाऱ्याने फाटला, की मामांना बोलावणं. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे झेंडेमामाच म्हणायचे.

आम्ही साताऱ्याकडचे. आमचे हे लॉरी चालवायचे. सत्तरचं दशक संपता संपता मी त्यांच्यामागे बहारीनला गेले. बुसैतीनमध्ये एक जुनं घर होतं, मध्ये अंगण आणि भोवती खोल्या. एका खोलीत आम्ही, बाकीच्यांत आपल्याकडचे एकटे राहणारे पुरुष. त्यांचं जेवण मी करायची. मामांची खोली समोरची. शिलाईचं मशीन अंगणातच असायचं, त्यामुळे माझं चुलीवरचं आणि त्यांचं मशीनवरचं काम एकमेकांसमोर चालायचं, आणि भांडणही.

रोज माझ्या कालवणाला नावं ठेवायची हा त्यांचा नेम. "वयनी, ह्या सार न्हय, ह्या पाणी. हामूर मासो बिचारो त्यात पोहता हा." मग दुसऱ्यांदा भात मागायचे. मी म्हणायची, "पाणी आहे ना? मग परत कशाला मागता?" तर म्हणायचे, "पाणी पिवक लागताच मां?" गावाहून कोणी आलं की कोकमं मागवून माझ्या डब्यात न विचारता टाकून ठेवायचे. मी ती वापरत नसे, मग एक दिवस वापरली. त्यांनी कौतुक केलं नाही. "उशीरा अक्कल इली," एवढंच म्हणाले.

झेंड्यांच्या उरलेल्या तुकड्यांची मी एकदा गोधडी करायला घेतली. लाल, निळं, हिरवं, कापड चांगलं मजबूत असायचं. गोधडीला हरकत नव्हती, पण एक चिंधी मी दारात पायपुसण्याला टाकली तर मामा मशीनवरून उठून आले आणि ती उचलून झटकली. "खयचोय देश आसूंदे, पाय पुसूचो नाय." कोणता देश ते त्यांनाही माहीत नव्हतं. कापड पिवळं होतं.

मामांना वाचता येत होतं जेमतेम, लिहिता येत नव्हतं. मी चौथी पास. त्यामुळे त्यांची पत्रं मी लिहायची. गावी त्यांची एक विधवा बहीण होती, तिलाच सगळी पत्रं. ते सांगायचे, मी लिहायची, लिहिता लिहिता वाद घालायची. "हे कशाला लिहू? हे मागच्या पत्रात लिहिलंय." "तरी लिवा. तिका बरा वाटता." माझं अक्षर मोठं आणि सुटं आहे. मामा कागद हातात धरून लांबून बघायचे आणि म्हणायचे, "तुमचा अक्षर बघून देवाक पण पटतला." त्यांनी माझी केलेली स्तुती ती एवढीच.

त्या बहिणीचा एकुलता एक मुलगा दिगू. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, उंच, बोलायला मोकळा. मामांनीच त्याला आणला आणि बंदरात मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या टगवर चिकटवला. शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. त्याला सुकाणी व्हायचं होतं. मोठं जहाज चालवायला हातात सुकाणू मिळावं यासाठी मोठ्या जहाजावरचे महिने कागदावर लागतात म्हणे. टगवर दहा वर्षं काढली तरी ती त्यात धरत नाहीत. त्याचा जीव त्या महिन्यांत अडकलेला.

तेव्हा समोर इराण आणि इराकची लढाई चालू होती. सहा-सात वर्षं झाली होती, थांबायचं नाव नाही. मला राजकारण कळत नाही, पण बांधावरची भांडणं कळतात. आमच्या गावी दोन भावकीतल्यांची मारामारी व्हायची तेव्हा काठ्या तिसऱ्याच्याच घरून यायच्या. इथे तेच. काठ्या पुरवणारे दोघे, अमेरिका आणि रशिया. कधी ह्याला, कधी त्याला, कधी दोघांनाही. हे दोघे एकमेकांना चापटसुद्धा मारत नाहीत. डोकी फुटतात ती गड्यांची. बंदरात भोकं पडलेली, जळून काळी झालेली जहाजं ओढून आणायचे. त्यातले खलाशी कोण? आपल्याकडचे, केरळचे, पाकिस्तानचे, फिलिपिनो. ज्यांचा ह्या भांडणाशी काडीचा संबंध नाही असे. मी हे बोलले की आमचे हे म्हणायचे, "तू भाकरी थाप."

अशात दिगूला एका तेलाच्या जहाजावर बोलावणं आलं. जहाज वर कुवेतकडे जाऊन येणारं. खलाशी भरती करणाऱ्या एजंटने कागदही करून दिला, त्यावर सही झाली. आला तो उड्या मारतच. मामांनी टाचण्या काढल्या आणि सांगितलं, "देवीक इचारल्याशिवाय आमच्या घरातलो माणूस दर्यात पाय घालणा नाय."

आम्ही घाटावरचे, आमच्याकडे ही पद्धत नाही, म्हणून सांगते. त्यांच्याकडे मोठं काम काढायचं असलं की ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तर हा कौल पोस्टाने मागवायचा होता. मी पत्र लिहिलं. जहाजाचं नाव जाड अक्षरात, गुरवाला वाचायला सोपं जावं म्हणून. पत्र जायला दहा दिवस, यायला दहा दिवस. दिगू माझ्याकडे येऊन कुरकुरायचा, "काकी, मामाचा ऐकू नकात, नि देवीचा पण ऐकू नकात. जहाज काय माझ्यासाठी थांबतला?"

पण जहाज थांबलं. त्याचं काहीतरी कागदोपत्री चाललं होतं, ते समुद्रात नांगर टाकून उभं होतं. तीन आठवड्यांनी बहिणीचं पत्र आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. मी वाचून दाखवलं. डावा कौल. एकदा नाही, गुरवाने दोनदा लावून बघितला, दोन्ही वेळा डावी पाकळी. "त्या जहाजावर दिगूला पाठवू नये," असं स्पष्ट लिहिलं होतं.

दिगू जेवला नाही. ताट तसंच ठेवून गेला. मला देवी-कौल काही कळत नाही, पण मला बरं वाटलं. कारण कोणतंही असो, मुलगा त्या समुद्रात जात नाही हे चांगलंच होतं.

आता पुढचं ऐका. त्याच आठवड्यात मामा गोदामातून मोठं गाठोडं घेऊन आले. निळं कापड, पांढरं कापड, लाल कापड. अमेरिकेचा झेंडा, तोही भला मोठा आणि चार दिवसांत हवा. त्या वर्षी आखातातली काही जहाजं झेंडे बदलत होती. अमेरिकेचा झेंडा लावला की अमेरिकेच्या लढाऊ बोटी राखणीला येतात, मग कोण हात लावणार, असा हिशेब. रशियानेही आपल्या झेंड्याची जहाजं भाड्याने दिली होती. मामा चार दिवस चांदण्या कापत बसले. शिव्या देत देत मीही कापल्या. शंभर चांदण्या. भाकरी थापणाऱ्या बाईला चांदणीची टोकं काय कापता येणार? माझ्या दहा-बारा मामांनी फेकून दिल्या. "वयनी, ही चांदणी की खेकडो?"

चौथ्या दिवशी दुपारी दिगू आला आणि झेंड्याकडे बघून हसायलाच लागला. झेंडा त्याच जहाजाचा होता. अरबी नाव खरवडून काढून त्यावर इंग्रजी नाव रंगवलं होतं. दोन दिवसांनी जहाज निघणार होतं, आणि एजंट अजून विचारत होता, येतोस का?

मामा मशीनवर बसून राहिले. पाय पायडलवर, पण मशीन बंद. मला त्यांचा चेहरा कळला. ते वाट शोधत होते. दिगूचं न जेवता जाणं त्यांना सहन झालं नव्हतं. भाच्यासमोर आपण आडवे आलो, हे त्यांना टाचणीसारखं टोचत होतं. मग म्हणाले, "वयनी, देवीन कौल दिल्यान तो जुन्या जहाजाचो. नाव बदलला, बावटो बदललो. आता ता जहाज खय रवला?"

मी म्हटलं, "मामा, डोकं ठिकाणावर आहे ना? जहाज तेच आहे. रंग बदलला."

"असा कसा? चेडवाचा लगीन झाला, नाव बदलला, घराणा बदलला, मगे म्हायेरच्या देवाचो कौल तिका लागता काय?"

"माझंही नाव बदललं होतं. बाई तीच राहते. मला विचारा."

दिगू म्हणाला, "काकी, तुमी गप रवा गो, मामाक पटला हा!"

"परत कौल मागवा," मी म्हटलं. "मी आत्ता पत्र लिहिते."

"दोन दिवसांत?" मामा म्हणाले, "आणि आता अमेरिकेचो बावटो. तेका हात लावची कोणाची छाती आसा?" चार दिवस ज्या झेंड्याला शिव्या दिल्या, त्याच्यावरच माणसाचा भरवसा बसला. स्वतः शिवला होता ना. शंभर चांदण्या लावल्यावर झेंड्यात काहीतरी बळ असलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं असेल.

दिगू गेला. जाताना मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सुकाणी होवन येतंय." मी म्हटलं, "आधी जेवून जा." जेवून गेला.

मग पत्राची वेळ आली. मामा म्हणाले, "लिवा, दिगू त्या जहाजार गेलो नाय. दुसऱ्या जहाजार गेलो."

"मी खोटं लिहिणार नाही."

"खोटा खय आसा? दुसरा नाव, दुसरो बावटो. दुसराच झाला."

मी आणखी भांडले असते. पण चुलीवर भात लागत होता, दोघं जण डबे घेऊन दारात उभे होते, आणि ह्या माणसाशी वाद घालून मी थकले होते. मी लिहिलं. 'दिगू त्या जहाजावर गेला नाही. दुसऱ्या जहाजावर गेला आहे. काळजी नसावी.' तीन वाक्यं. भात तरीही लागलाच.

सतरा दिवसांनी जहाज सुरुंगावर गेलं. पाण्यात ठेवलेला सुरुंग झेंडा बघत नाही. त्याला खालून पोट दिसतं, वरचा झेंडा दिसत नाही. आणि राखणीला आलेल्या लढाऊ बोटी? त्या जहाजाच्या मागून चालत होत्या असं नंतर कळलं. राखणदार मागे आणि गडी पुढे. पुढच्या भागात तिघे जण कामावर होते. दोघांची प्रेतं मिळाली. दिगू मिळाला नाही.

जहाज ओढून आणलं तेव्हा मामा बघायला गेले. परत आले, अंगणात बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "वयनी, बावटो तसोच आसा. एकव टाको उसावलो नाय." मला त्या क्षणी त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली. दिली नाही. ते पाणी प्यायले आणि पुन्हा तेच म्हणाले.

प्रेत नाही म्हणून मेल्याचा कागद नाही. मेल्याचा कागद नाही म्हणून भरपाई नाही, आणि दिगू कोणाच्या नोकरीत होता, हेही कोणी सांगेना. मामा लिहू शकत नाहीत म्हणून मी बरोबर जायची. एका कचेरीत म्हणाले, जहाज अमेरिकेचं, तिकडे विचारा. तिकडे म्हणाले, झेंडा आमचा, माणूस आमचा नाही, ज्याने भरती केला त्याला विचारा. आपल्या सरकारच्या कचेरीत म्हणाले, कंपनीचं पत्र आणा. कंपनी कुठली, तर मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, एजंट तिसऱ्याच. शेवटी एजंटकडे गेलो. आपल्याच देशातला माणूस, गळ्यात टाय. त्याने दिगूचा सही केलेला कागद काढला आणि नावावर बोट ठेवलं. जुनं नाव. कागद नाव बदलण्याआधी झाला होता, नवा नंतर करू म्हणाले होते, तो केलाच नव्हता.

"चाचा," तो म्हणाला, "ये कागज पुराने जहाज का है. वो जहाज तो अब है ही नहीं."

मी मामांकडे बघितलं. मामांनी खाली बघितलं. ती त्यांचीच अक्कल होती, आमच्या अंगणात बोललेली, आता टाय लावून समोर बसली होती.

मी एजंटला मराठीतच सुनावलं, "अरे नाव बदललं म्हणून जहाज बदलतं का? लोखंड तेच, भोक त्याच्याच पोटात पडलंय, जाऊन बघ!" त्याला काही कळलं नाही. शिपायाने आम्हाला दार दाखवलं. बाहेर उन्हात मामा म्हणाले, "ह्या तुमी माका तेवा कित्याक नाय सांगलास?" मी म्हटलं, "सांगितलं होतं." ते म्हणाले, "व्हय. सांगलास."

बहिणीला कळवायचं पत्र मी लिहायला घेतलं तर मामांनी कागद काढून घेतला. "मी जातंय," म्हणाले. मशीन आमच्याकडे ठेवून ते गेले, ते परत आलेच नाहीत.

लढाई पुढे थांबली. कोण जिंकलं, असं मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, कोणीच नाही. मग इतकी वर्षं काय करत होते, असं विचारलं तर म्हणाले, तू भाकरी थाप.

आम्ही कायमचे परतल्यावर एकदा मी हट्टाने ह्यांना घेऊन देवगडला गेले. मामा अंगणात बसून कोणाचा तरी परकर शिवत होते, हातानेच. वाळून काटकी झाले होते. मला बघून म्हणाले, "वयनी, आता तरी सार करूक शिकलास काय?" मला बरं वाटलं. मी वाटेत ठरवूनच आले होते की बहिणीला खरं सांगायचं. लिहिलेलं खोटं माझं होतं, ते मला खुपत होतं.

बहीण चहा घेऊन आली. चेहरा हुबेहूब दिगूचा. मला वाटलं होतं पडलेली, रडवेली बाई असेल. तर ती चांगली ठणठणीत होती. म्हणाली, "दिगू अजून दर्यावर आसा. जपानचा जहाज. लांब जातत ते, पत्र टाकूक गावणा नाय. भाऊन सांगल्यान." मी मामांकडे बघितलं. मामांनी परकर डोळ्यांजवळ नेला आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोरा आधीच ओवलेला होता.

मी म्हटलं, "बाई, मी तिथे होते. जहाज तेच होतं. नुसतं नाव बदललं होतं. दिगू गेला."

ती रागावली नाही. मी लहान मुलगी असल्यासारखं माझ्याकडे बघत राहिली. "तुमका काय म्हायत नाय," म्हणाली, "तुमी घाटावरची. देवीन त्या जहाजाक नाय म्हटल्यान. म्हणान तो त्या जहाजार गेलोच नाय. माझ्याकडे कागद आसा."

आत जाऊन देवघरातून एक पत्र घेऊन आली. घड्या पडून पडून फाटायला आलेलं, मागून मामांनी पातळ कापड लावून टाके घातलेले. तिने ते माझ्यासमोर धरलं. तीन वाक्यं.

"ह्या अक्षर कोणाचा?"

"माझं," मी म्हटलं.

"मगे?"

मामा परकराला टाके घालायला लागले. मी चहा प्यायले. पुढच्या वर्षी मामा गेले, असं कळलं. बहिणीचं काय झालं ते कळलं नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही. माझं अक्षर अजूनही तसंच आहे, मोठं आणि सुटं, लांबूनही वाचता येतं. चौथीपर्यंत शिकले, त्याचा एवढा उपयोग झाला.